टेकडी खचली नाही, सरकली

सेल मेले म्हणे! नासीरचं डोकंच फिरलं. वाघशेतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरीवर लोड टाकला की चोवीसपैकी सात सेल सगळ्यांआधी मान टाकत, म्हणून टेलिफोन खात्याचे साहेब ते बाद करायला निघाले होते. नवे यायला सहा महिने. आठ वर्षं वाट पाहून गावाला मिळालेला फोन तोवर मुका. "साहेब, सेल मेलेले नाहीत. तीन दिवस द्या. खोटा ठरलो तर पुन्हा बॅटरीला हात लावणार नाही," धुळ्याचा हा बॅटरी-मिस्त्री भर गावात बोलून बसला.

त्याची लेक शहनाज बी.एस्सी.ला होती. ती म्हणाली, "अब्बा, नुसतं व्होल्टेज बघून काय कळणार? आपण आयसी कर्व्ह काढू. व्होल्टेज थोडं थोडं उतरताना प्रत्येक पायरीला किती चार्ज बाहेर पडला, ते मांडायचं."

बाप मीटर वाचत गेला, लेक आलेखावर ठिपके देत गेली. धडधाकट सेलच्या ठिपक्यांची टेकडी उभी राहिली. आजारी सेलचीही राहिली, तेवढीच उंच! फक्त कमी व्होल्टेजकडे सरकलेली.

"सेलच्या आतल्या प्लेटा गेल्या असत्या तर टेकडी खचली असती. माल सगळा आत आहे अब्बा, वाटेत अडतोय."

वाट म्हणजे जोड. नासीरनं जोडपट्ट्या खोलल्या. सातही सेल पुढच्या रांगेतले, अन् प्रत्येक पट्टीखाली हिरवा-पांढरा थर.

"भाईदास, काय ओतलंस यांच्यावर?"

ऑपरेटर भाईदास गोंधळला. "दसराले नारय फोडं, भाऊ. पानी शिंपडं. पूजा ते करनीच पडस ना!"

नारळाचं पाणी पुढच्या रांगेच्या जोडांवर उडून थर चढला होता तर! नासीरनं कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसला. मग पट्ट्या घासल्या, आवळल्या, वर व्हॅसलीन फासलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः लोड टाकला. एक तास गेला. तीन गेले. पाचव्या तासालाही सातही सेल इतरांच्या बरोबरीनं उभे! खिडकीबाहेर गावानं एकच गलका केला.

साहेबांनी आलेख उचलून जवळ घेतला. "हे कुणी काढलं?"

"आमच्या शहनाजनं."

साहेबांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उभे राहिले. "बसा बाई. मला पहिल्यापासून समजावून सांगा."

नासीरचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत.