टाकीतली ऊब

मित्रांनो, तापीच्या काठी, प्रकाशा गावाजवळच्या मळ्यात निंबाखाली गंजत पडलेले मी एक जुने तेलाचे इंजिन आहे. मला कसलेच दुःख होत नाही. लोखंडाला फक्त दोन गोष्टी कळतात, तापणे आणि निवणे.

आगगाडीने मी नंदुरबारला उतरले. उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरल्यावर चार बैलजोड्यांनी मला पात्रातून ओढून आणले. मळ्याचे मालक गिरधर आप्पा. त्यांनी मला हार घातला आणि मला चालवायला नेमलेल्या चुडामणच्या हवाली केले.

चुडामण दिव्याच्या झोताने माझे डोके लालभडक तापवी, मग मोठे चाक झटक्याने फिरवी. आत कोंडलेली हवा दाबली की तापे. त्यात तेल पडले की भडका उडे. तापलेल्या वायूला पसरायला जागा हवी असते. चहूकडे जाड लोखंड, सरकणारा काय तो एकटा दट्ट्या. वायू त्यालाच ढकली. चाक फिरे, पट्टा फिरे, पट्ट्यावर पंप चाले, नदीचे पाणी गव्हात येई. सारा गाव माझे कौतुक करी. पण खरे सांगू? तेलाच्या उष्णतेचे दहा वाटे केले, तर कामी येत जेमतेम दोन. बाकीचे धुरातून आणि मला गार ठेवणाऱ्या पाण्यातून निघून जात. ते पाणी शेजारच्या लोखंडी टाकीत कढत होऊन पडे.

गावाला माझे दोन वाटे दिसले. चुडामणच्या बायकोला, छबूबाईला, उरलेले आठ दिसले. थंडीत ती धुणे घेऊन यायची. चुडामण टाकीत बोट बुडवून मान हलवी, मग ती कोपरापर्यंत हात घाली आणि हसे. "धूर सोडीसन सगळं कामनं शे तुन्हं इंजिन!" म्हणे. मला तिचे बोलणे आवडायचे. तेवढे मी कबूल करते.

मग लढाई आली आणि तेल मोजून मिळू लागले. त्या वर्षी गव्हाच्या शेवटच्या पाण्यासाठी आप्पांनी दोन डबे राखून ठेवले होते. पौषात छबूबाई सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली आणि छबूबाई गेली.

चुडामण तिसऱ्या दिवशी कामावर आला. रडला नाही. एकाच जागी तीनदा वंगण घातले. दुपारी त्याची आई तापीबाई टोपली घेऊन आली. टोपलीत कापूस होता आणि कापसात ओंजळीएवढे मूल. चुलीजवळ ठेवले की धुराने त्याचा जीव घाबरा होई, दूर ठेवले की अंग गार पडे.

"हात लाव रे तुन्ही पोरले," तापीबाई म्हणाली.

चुडामणने हात लावला नाही. त्याने पंपाचा पट्टा काढून ठेवला आणि मला सुरू केले. टाकी तापल्यावर बोट बुडवून पाहिले आणि टोपली टाकीला टेकवून ठेवली. तापीबाई टोपलीपाशी माझ्या खोपीतच मुक्कामाला राहिली. रोज संध्याकाळी घटकाभर मी चाले. एवढे पाणी एकदा तापले की सकाळपर्यंत निवत नसे. त्याचे बोट रोज टाकीत जाई, टोपलीत मात्र कधीच गेले नाही.

पाचव्या दिवशी आप्पा आले. "पट्टा त् काढी ठेयेल शे. इंजिन कोनासाठे चाली ऱ्हायनं?"

"मन्ही पोरसाठे, आप्पा."

आप्पांनी टोपलीकडे पाहिले, गव्हाकडे पाहिले. "एकच डबा ऱ्हायना शे, देख," म्हणाले आणि निघून गेले.

बाराव्या दिवशी डबा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरलेले, सातपुड्याकडून बोचरे वारे सुटलेले. माझी टाकी निवली. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, कुणी मागे बोलावल्याने येत नाही. मी नुसते पाहत होते.

"चुडामण, पोर थंडी पडी ऱ्हायनी!" तापीबाई ओरडली.

त्याने टाकीत बोट घातले. डबा हलवला. पुन्हा बोट घातले. बारा दिवस सगळी ऊब माझ्यातूनच येते असे धरून बसलेला तो माणूस माझ्या थंड डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

तापीबाई त्याच्यासमोर गेली. "इंजिन थंडं पडनं. तू त् गरम शे ना रे?"

चुडामणने बंडीचे बंद सोडले. त्या ओंजळीएवढ्या जीवाला छातीवर घेतले, वरून घोंगडी ओढली आणि टाकीला टेकून खाली बसला. बऱ्याच वेळाने घोंगडीतून बारीक रडणे ऐकू आले. मग चुडामणही रडला, मोठ्याने, छबूबाईचे नाव घेऊन. त्यानंतर महिनाभर पोरीला त्याने खाली ठेवले नाही.

गव्हाला शेवटचे पाणी मिळाले नाही. दाणा बारीक आला. आप्पा त्याबद्दल बोलले नाहीत. पुढे नवे इंजिन आले आणि मला निंबाखाली ढकलले. ती मुलगी आता पाच वर्षांची आहे. कधीकधी माझ्या डोक्यावर तळवा ठेवते, गार लागले की उचलते आणि बापाकडे पळते.

मित्रांनो, मला वंगण घाला असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात कुणी माझ्यासारखे निवून बसले असेल, तर त्याच्या अगदी जवळ जाऊन बसा. पुढचे ऊब आपली आपण करते. मध्ये फक्त अंतर ठेवू नका.