माझ्या अंगावरची अकरा नावं

मित्रांनो, मी एक जुना फॉर्म आहे. कागदाचा नव्हे, संगणकातला. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या एका लहान गावाच्या कार्यालयात डोरोथी ह्रिंकिव या कारकून बाईंनी मला घडवलं. गावच्या दफनभूमीत कोण कुठे विसावलंय, ते माझ्यात भरायचं. खरं तर माझ्या पोटात काहीच राहत नाही. नोंदी मागच्या तक्त्यांत जातात. मी नुसता दाराशी उभा राहून नाव, जागा, तारीख विचारतो. तारखेबाबत मी फार कडक होतो. मृत्यूची तारीख नसेल तर नोंद आत घेतच नसे. हा माझ्याहून शिस्तीचा, असं बाई कौतुकाने म्हणत आणि मी फुशारून जाई.

फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात घटसर्पाने गावातली अकरा तान्ही मुलं गेली. त्यांच्या थडग्यांवर दगड नाहीत, नुसतं गवत. कोण कुठे आहे ते मेट्रो कोवालचुक नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनाच तेवढं ठाऊक होतं, कारण ती थडगी त्यांच्या वडिलांनी खणली होती. बाईंनी एक दिवस मेट्रोंना तिथे नेलं, स्प्रूसच्या झाडापासून पावलं मोजून कागदावर टिपून घेतली आणि दोघं माझ्यासमोर येऊन बसली. मी तारीख मागितली.

“तारीख कोण बघत होतं, पोरी?” मेट्रो म्हणाले. “जमीन इतकी गोठलेली, की आधी वर शेकोटी पेटवायची आणि मग खणायचं. बाबा एवढंच सांगायचे.”

खोटी तारीख टाकणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी माझी रचना उघडली आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत, माझ्या अंगावरच, अकरा नावं आणि पावलांचे आकडे लिहिले. तात्पुरतं, म्हणाल्या. हातातला कागद कचऱ्याच्या टोपलीत गेला. पुढच्या हिवाळ्यात मेट्रो वारले. सात वर्षं ती नावं माझ्या अंगावर होती.

यंदा मार्चमध्ये एका गुरुवारी मी दुसऱ्या संगणकावर उघडा असतानाच बाईंनी इकडे माझी एक चौकट सरकवली. बदल जतन होता होता दोन संगणकांमधला संपर्क तुटला आणि मी मोडलो. बाईंना कळलं नाही. दर शुक्रवारी त्या पेनड्राइव्हवर प्रत घेत, जुन्या प्रतीवरच. सात वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता. तोही चुकला नाही. चांगला मी पुसला गेलो आणि मोडका मी जपला गेलो.

सोमवारी मी उघडेना. शेजारच्या गावातून लाइल नावाचा दुरुस्तीवाला आला. संगणकाचे नेहमीचे उपाय करून झाले, मी ढिम्म. त्याने नवी कोरी फाईल घेऊन सगळं तिच्यात आणायचा प्रयत्न केला. तक्ते आले, मी वाटेतच अडकलो. शेवटी त्याने मला साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढलं आणि ओळ न् ओळ वाचली. मधल्या एका तुकड्यात नुसती अगम्य चिन्हं होती. तेवढा तुकडा कापून त्याने मला पुन्हा उभं केलं. मी उघडलो.

“दोन हजार एकशे चार नोंदी. एकही गेली नाही,” लाइल म्हणाला.

बाई माझ्या उजव्या बाजूकडे बघत राहिल्या. “इथे नावं होती.”

“कुठल्या तक्त्यात?”

“तक्त्यात नाही. याच्या अंगावर.”

लाइलने कापलेला तुकडा पुन्हा उघडला; त्यात तीच अगम्य चिन्हं होती.

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्याकडे पाद्री प्रत्येक थडग्यापाशी थांबून त्या माणसाचं नाव घेतात. त्याच्या आदल्या शुक्रवारी स्टेफानियाआजी आल्या. साठ वर्षं त्या टोरांटोला होत्या. तुमच्या धाकट्या बहिणीची, हानुस्याची जागा मिळालीय, असं बाईंनीच हिवाळ्यात त्यांना पत्राने कळवलं होतं. पिशवीत हानुस्याच्या थडग्यावर ठेवायला ईस्टरचं रंगवलेलं एक अंडं होतं. बाईंनी सगळं खरं सांगितलं. त्यांना नऊ नावं आठवली होती, पावलं एकाचीही नाहीत.

“मग मी कुठे उभी राहू?” आजींनी विचारलं.

मेट्रो आले त्या दिवशी मी तारखेसाठी अडून बसलो नसतो, तर ती नावं तक्त्यात सुखरूप असती. याचा दोष मी लाइलला कसा देऊ?

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा मेट्रो अजून बोलता असेल, तर त्याचं बोलणं अर्धवट असलं तरी नीट जागी ठेवा. आणि चांगल्या प्रतीवर कधी दुसरी चढवू नका.

बाईंनी आता माझी ती तारखेची अट काढून टाकली आहे. आठवली ती नऊ नावं त्यांनी भरली, मीही निमूट घेतली. हानुस्या आता तक्त्यात आहे. तिच्या जागेचा रकाना रिकामा आहे, आणि तो भरा, असं मी कोणाला म्हणत नाही.