खिडकीजवळच्या काकूंचे मत

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. आजच्या टीव्हींसारखा मी सडपातळ नाही. माझ्या पाठीला भले मोठे कुबड आहे आणि मला उचलायला दोन माणसे लागतात. त्यातले एक कुरकुरतेच. सध्या मी एका रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत, पाय मोडलेल्या खाटांच्या संगतीत पडून आहे. आयुष्यभर मी अखंड बडबड केली, पण त्यातले माझे स्वतःचे असे काहीच नव्हते. माझी स्वतःची सांगायची अशी ही एकच गोष्ट आहे आणि ती मी आजवर कुणालाही सांगू शकलो नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे जात होतो आणि प्रत्येक टेबलापाशी मला एकेक अवयव मिळत होता. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझ्या पाठीचे स्क्रू पिळले, मला सुरू केले आणि बाहीने माझी काच पुसली. तिथून मी दुकानात गेलो आणि दुकानातून एका घरात. त्या घरातल्या सासूबाई छातीच्या आजाराने रुग्णालयात वारल्या. घरच्यांनी त्यांची आठवण म्हणून मला त्याच वॉर्डाला देऊन टाकले. जिवंतपणी त्यांना माझ्यासमोर बसायला फारसे कुणी देत नसे, पण ते असो.

हा बायकांचा वॉर्ड होता. छातीचा आजार काही दोन दिवसांत बरा होत नाही. बायका महिनोन्‌महिने तिथे असत. खिडक्या सताड उघड्या, औषधाचा वास आणि एक खोकली की तिच्यामागे दुसरी. मला छताजवळ एका लोखंडी फळीवर बसवले होते. रिमोट आल्याआल्याच हरवला. त्यामुळे आया झाडूच्या दांड्याने माझी बटणे ढोसायची. पहिल्यांदा मला फार अपमान वाटला. मग सवय झाली, कारण मी सुरू झालो की त्या वॉर्डाच्या अंगात जीव यायचा. बायका उठून बसायच्या, उशा पाठीशी घ्यायच्या. मी त्यांचा लाडका होतो आणि मला त्याचा गर्वही होता.

संध्याकाळी सगळ्या जणी एक मालिका बघत. तिची नायिका त्यांचा जीव की प्राण. तिला त्या नावाने बोलवतच नसत, ‘आपली पोरगी’ म्हणत. पोरगीचा होणारा नवरा बोट बुडून बेपत्ता झाला होता. तो जिवंत आहे हे फक्त प्रेक्षकांना ठाऊक होते. अशात कथेत एक नवा माणूस आला. हिशेबनीस, अबोल, पडेल चेहऱ्याचा. तो पोरगीला आवडू लागला आणि वॉर्डाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तो बिचारा तिकडे बेटावर उपाशी, आणि ही ह्याच्याबरोबर चहा पितेय!” दाराजवळच्या खाटेवरच्या ताई ओरडायच्या. त्यांची लाँड्री होती. आवाज असा की बाहेरचा पहारेकरी उठून बसायचा. “कुठून मधेच कडमडला हा सुतक्या!”

तेव्हापासून त्याचे नाव सुतक्याच पडले. तो दिसला की बायका बोटे मोडायच्या. मधल्या खाटेवर एक बसकंडक्टर होत्या. त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, “उतर बाबा खाली, तुझं तिकीट संपलं.” सगळ्या हसायच्या, मग खोकायच्या. खरे सांगायचे तर मलाही मजा वाटायची. आपण दाखवतो त्यावर माणसे इतकी भांडतात, याचे मला कौतुकच होते.

अशात खिडकीजवळच्या खाटेवर एक काकू आल्या. वयस्कर, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी मालिका लागली, वॉर्डाने शिव्यांची लाखोली वाहिली आणि काकू काहीतरी बोलायला गेल्या. मग त्यांनी तोंड मिटले ते मिटलेच. मित्रांनो, सुतक्याचे काम करणाऱ्या नटाच्या त्या आई होत्या. मला हे मागाहून कळले, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो.

काही दिवसांनी भेटीच्या वेळी तो आला. हातात पिशवी, अंगात साधा सदरा. मी त्याला रोज दाखवत होतो, पण तो खरोखरचा असा दारात उभा राहील हे माझ्या स्वप्नातही नव्हते. लाँड्रीवाल्या ताईंनी त्याला पाहिले मात्र.

“अगं बाई! हा बघा कोण आलाय!” त्या किंचाळल्या. “पोरीचा नाद सोड, मेल्या!” आणि खाली वाकून त्यांनी पायातली चप्पल भिरकावली. ती त्याच्या छातीवर बसली.

वॉर्डात हशा पिकला. दोघीतिघी मात्र खरोखरच संतापून उठल्या होत्या. त्याने खिडकीकडे पाहिले. काकू खाटेवरून अर्ध्या उठल्या होत्या. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत असल्याने त्या कुणाला दिसल्या नाहीत. मला दिसल्या. त्यांनी हात पुढे केला होता.

त्याने मान किंचित हलवली, नको अशी. मग म्हणाला, “माफ करा. वॉर्ड चुकलो.”

आणि तो गेला. थोड्या वेळाने पहारेकऱ्याने पिशवी आणून दिली आणि काकूंसाठी कुणीतरी ठेवून गेले असे सांगितले. तिच्यात लोकरीचे पायमोजे होते. काकूंनी ते पायात घातले नाहीत, उशीखाली ठेवले.

तुम्ही म्हणाल, काकूंनी सांगून का टाकले नाही? मीही चिडलो होतो त्यांच्यावर. पण विचार करा. ज्या ताईंनी चप्पल मारली त्याच रोज काकूंना चमच्याने भरवत. खोकल्याची उबळ आली की पाठ चोळायला त्याच धावत. केस विंचरून द्यायला कंडक्टरताई. या बायकांच्या आधारावर काकूंचे दिवस जात होते, आणि बायका वाईट नव्हत्या, अजिबात नव्हत्या. शिवाय मुलाने स्वतःच ‘वॉर्ड चुकलो’ म्हणून दार लावून घेतले होते. ते आता आईने कसे उघडायचे?

त्याचा फोन यायचा. पण फोन होता सिस्टरच्या टेबलावर, आणि तिथे बोललेले अख्ख्या वॉर्डाला ऐकू जायचे. काकू टेबलाला धरून उभ्या राहायच्या. “हो. बरी आहे. नको, नको येऊस. बघते की, रोज बघते.” एवढे बोलून ठेवून द्यायच्या. “कोण हो, काकू?” ताई विचारायच्या. “मुलगा. असतो बाहेर,” काकू म्हणायच्या.

तेव्हापासून त्यांची भेटीची वेळ म्हणजे मी. मालिका लागली की काकू माझ्याकडे टक लावून बसायच्या. मी फार जुना झालो होतो, रंग फिके पडत होते. त्याचा चेहरा जरा हिरवट दिसायचा. माझी मला लाज वाटायची.

एके दुपारी आयाने बाकीच्यांना उन्हात बसायला बाहेर नेले. काकूंना ताप होता म्हणून त्या खाटेवरच होत्या. माझ्यावर कालचाच भाग पुन्हा लागला होता. त्याचा चेहरा आला आणि काकू बोलू लागल्या. आधी मला वाटले मलाच काही म्हणत आहेत.

“वाळलास रे,” त्या म्हणाल्या. “राजा, सूट बाबा त्यातून. ह्या बायका वाईट नाहीत. तू दिसेनासा झालास की विसरतील तुला, दुसऱ्या कुणाला धरतील. मग ये. इथे बस माझ्याजवळ. असं रोज लांबून बघून माझं नाही भागत.”

एवढ्यात माझ्यावर साबणाची जाहिरात लागली. काकू ती संपेपर्यंत थांबल्या. पण तो परत दिसला नाही, भाग संपला होता.

आणि मग ती घोषणा झाली. लोकांचा राग इतका वाढला होता की मालिकेवाल्यांनी प्रेक्षकांनाच विचारले, हा माणूस पोरगीच्या आयुष्यात राहावा की जावा? मोबाइलवरून मत पाठवायचे. वॉर्डात मोबाइल एकच, कंडक्टरताईंचा. त्या खाटेखाटेवरून फिरू लागल्या.

“चला, कुणाचं राहिलंय? मागचे पुढे सरका! राहू दे ला एक, जाऊ दे ला दोन!”

काकूंना कुणी विचारले नसते. त्यांनीच हात पुढे केला. “मला द्या.”

“काकू, तुम्हीसुद्धा? शाब्बास!” लाँड्रीवाल्या ताईंनी टाळी दिली. “म्हणजे तुम्हालाही डोळ्यांत खुपत होता तर!”

काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि अंगठ्याने दोनचे बटण दाबले. नीट गेले ना, हे दोनदा विचारून घेतले.

तो गेला. मालिकेत त्याने एक ट्रंक भरली आणि बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. पोरगी आली नाही. बस निघताना त्याने मागे वळून पाहिले. वॉर्डात एकच जल्लोष झाला. ताईंनी चमच्याने ताट बडवले. कुणी खोकत खोकत नाचले. काकूही टाळ्या वाजवत होत्या, आणि इतक्या हसत होत्या की कंडक्टरताई म्हणाल्या, “काकूंना दात आहेत हे मला आजच कळलं.”

नंतर मला लोकांच्या प्रतिक्रिया दाखवाव्या लागल्या. रस्त्यावर गर्दी, हातात त्याचे फाडलेले फोटो. एक बाई अभिमानाने सांगत होती की तिच्या घरातल्या सगळ्यांनी जेवण सोडून मते पाठवली. एक शिंपी म्हणाला, “मला तर तो बरा वाटायचा.” त्याला गर्दीने ढकलून बाजूला केले. मग बातमी आली की कुणीतरी त्याचा नंबर लोकांत वाटला, रात्रंदिवस शिव्यांचे फोन येऊ लागले आणि त्याने फोन बंद करून टाकला आहे. हे मीच सांगितले, हसऱ्या मुलीच्या आवाजात. काकू ते ऐकत होत्या.

त्यानंतर त्या झपाट्याने खालावल्या. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. त्यांनी सिस्टरला मुलाचा नंबर लावायला सांगितला. तो लागला नाही. पुन्हा लावला, नाही लागला. भेटीची वेळ झाली की त्या दाराकडे तोंड करून पडायच्या. माझ्यावर मालिका चालू असायची, बुडालेला होणारा नवरा परत आला होता, बायका आनंदाने रडत होत्या. काकूंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले होते. सुतक्याचे नाव आता कुणी काढत नव्हते. बायकांनी नायिकेच्या आत्याला धरले होते.

एका सकाळी काकू गेल्या. गादी गुंडाळून ठेवली गेली.

त्याच दिवशी भेटीच्या वेळी तो आला. दाराबाहेरच थांबला.

“अहो, या, या!” लाँड्रीवाल्या ताईंनी हाक मारली. त्यांचा आवाज आता मायेचा होता. “घाबरू नका, चप्पल नाही मारणार. राग मानू नका हो त्या दिवसाचा. आता मालिकेतून गेलात ना, मिटलं. कुणाकडे आलात?”

तो खिडकीकडे बघत होता. ताईंनी त्याची नजर पाहिली.

“त्या खाटेवरच्या काकू तर तुमच्यावर आमच्यापेक्षा खार खाऊन होत्या! एरवी तोंडातून शब्द नाही. पण मत द्यायची वेळ आली तेव्हा मोबाइल मागून घेतला. ‘जाऊ दे’ला दिलं. तुम्ही गेलात त्या दिवशी काय टाळ्या पिटल्या त्यांनी!”

“त्यांनी?” तो म्हणाला.

“मग! इतकं हसताना आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बिचाऱ्या आज सकाळीच गेल्या. मुलगा आहे म्हणायच्या. कसला मुलगा हो? शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाही.”

त्याने उंबरा ओलांडला. मग म्हणाला, “मीच तो.”

वॉर्डात कुणी खोकलेसुद्धा नाही. ताईंनी तोंडावर पदर दाबला. कंडक्टरताई खाटेवरून उतरल्या, पण पुढे यायचे त्यांना धाडस झाले नाही. “आम्हाला माहीत नव्हतं हो,” एवढेच त्या म्हणाल्या. सिस्टरने काकूंचे सामान त्याच्यासमोर ठेवले. त्याने वर पाहिले, थेट माझ्याकडे.

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे ठाऊक होते. ‘मग ये, इथे बस माझ्याजवळ’ हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते, साऱ्या जगात फक्त मी. माझ्याजवळ केवढा मोठा आवाज होता! आणि त्या आवाजात मी गिऱ्हाइकांना साबणाच्या दोन वड्यांवर एक वडी फुकट देत होतो. मी काच फुटेपर्यंत ओरडलो असतो, पण टीव्हीला जे पाठवले जाते तेवढेच तो बोलतो.

“ह्याचा आवाज जरा बंद करता का?” तो आयाला म्हणाला.

आयाने झाडूचा दांडा उचलला आणि मला बंद केले. माझ्या काळ्या काचेत तो सामान उचलून दाराकडे जाताना दिसला. आईने आपल्याला नको म्हणून मत दिले, हे मनात घेऊन तो गेला. तो पुन्हा त्या वॉर्डात आला नाही, आणि माझ्यावर तर कधीच दिसला नाही.

पुढे वॉर्डाला भिंतीवर चिकटणारा नवा टीव्ही मिळाला आणि मला इथे आणून टाकले. धूळ बसते, झुरळे पाठीत शिरतात, त्याचे मला काही नाही. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, माझे दिवस संपले. पण तुमच्या घरातल्या टीव्हीवर दिसणाऱ्या एखाद्याचा राग आला, तर बोटे मोडण्याआधी एवढे आठवा की तो काम संपवून कुणाला तरी भेटायला निघालेला असतो. आणि कुणाला ‘ये’ म्हणायचे असेल तर ते आमच्याकडे बघून बोलू नका. आम्ही ते पोचवत नाही. त्यालाच सांगा, सगळ्यांच्या देखत सांगा, आणि आजच सांगा.