विहिरीतल्या चांदण्या

"ही विहीर मी भर दुपारी काढलीय," छापलेला फोटो टेबलावर ठेवत ते गृहस्थ म्हणाले. "मग हिच्यात चांदण्या कुठून आल्या?"

त्यांना सगळे विहीरवाले म्हणत. सत्तरी ओलांडलेला हा माणूस जुन्या विहिरींत उतरायचा आणि तळाशी उभा राहून वरचा फोटो काढायचा. चहूकडे काळोख आणि मधोमध बशीएवढं आकाश. आता त्या काळोखात पांढरे ठिपके दिसत होते. मोजके, पण एकदा दिसले की डोळा तिथंच जाणारे.

टेबलापलीकडे दोघी जावा उभ्या होत्या. घराच्या तळमजल्यावरची छपाईची ही खोली थोरलीनं उभी केली होती. दोन वर्षांपूर्वी धाकटी शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तिच्या हाताखाली आली. प्रिंटर आणि कापणी थोरलीकडे, छापण्याआधी कागद तयार करणं धाकटीकडे, अशी वाटणी होती.

"कागदाचं काम हिच्याकडे असतं," थोरली म्हणाली. एवढंच. पण धाकटीची कानशिलं तापली.

विहीरवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रदर्शन जवळ आलंय. मला भांडण नको, विहिरी हव्यात. सगळ्या पुन्हा छापा. या वेळी नीट नाही झाल्या, तर मी दुसरीकडे जाईन."

ते गेल्यावर थोरली कापणीच्या टेबलाकडे वळली आणि पाठमोरीच बोलली. "या वेळी टवके उडाले तर कागदाला हात लावायचा नाही. पुढं बसून गिऱ्हाईक बघायचं. चालेल?"

"चालेल," धाकटी म्हणाली. चालणार नव्हतं. तिला या खोलीतलं दुसरं काहीच आवडत नव्हतं, हे एकच काम आवडत होतं.

हे टवके उडतात कसे, ते आधी समजून घेऊ. जमिनीवर एक वाळकं पान पडलंय आणि कुणी न बघता वरून रंग मारला. पानही रंगलं, जमीनही रंगली. मग वाऱ्यानं पान उडालं. खाली काय राहिलं? पानाच्या आकाराची कोरी जागा. चित्रांसाठीच्या जाड सुती कागदावर असंच होतं. त्याच्यावर खडूसारखा पांढरा लेप असतो. त्या लेपाचे, कापसाच्या तंतूंचे बारीक कण कागदावर सुटे बसलेले असतात. शाई त्यांच्यावर पडते. पुढं कधीतरी तो कण निसटतो आणि आपल्याबरोबर शाई घेऊन जातो. पांढऱ्या ढगात हे कुणाला कळतही नाही. विहिरीच्या काळोखात मात्र लगेच कळतं.

म्हणून छापण्याआधी कागद झाडायचा. धाकटी तो उभा धरायची, म्हणजे निघालेला कण खाली पडतो, पुन्हा कागदावर बसत नाही. बकरीच्या केसांचा रुंद, मऊ ब्रश वरून खाली, एका दिशेनं, हलक्या हातानं फिरवायची. फुंकर कधीच नाही. फुंकरीबरोबर थुंकी जाते. मग कागद खणात, वर बटर पेपर.

हे सगळं ती रोज करत होती. मग ठिपके आले कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळे कागद झाडून खणात ठेवले. दुपारी जेवून आली, बटर पेपर उचलला आणि थबकली. वरच्या कागदावर पिठासारखी बारीक धूळ होती. आठवून पाहिलं तर गेल्या खेपेलाही होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याच हातून राहिली असेल, आणि तिनं ब्रश पुन्हा जरा जोर लावून फिरवला होता. आजही तेच केलं. पण आता तिला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तिच्या जेवणाच्या वेळेला खोलीत कोण असतं? थोरली.

एकदा शंका आली की ती एकटी येत नाही, सगळं गणगोत घेऊन येते. मागच्या आठवड्यात थोरलीची बहीण आली होती. घरी बसून कंटाळलेली. तिनं खोलीभर फिरून हे काय, ते काय, असं विचारलं होतं. धाकटीचा ब्रश गालावरून फिरवून म्हणाली होती, "इश्श, एवढंच काम? हे मीसुद्धा करीन."

आणि थोरली हसली होती.

संध्याकाळी वर घरात गेल्यावर धाकटीनं नवऱ्याला सांगितलं, "ताई मला इथून काढायला बघतायत."

"वहिनी?" तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "वहिनीला काढायचं असतं तर तोंडावर सांगून काढलं असतं. ती आईलासुद्धा तोंडावर बोलायची."

"माणसं बदलतात."

"मग विचार तिला."

"हो, आणि त्या सांगतील!"

तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कागद ठेवताना बटर पेपरच्या वर, अगदी मधोमध, पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा आडवा ठेवला. पांढऱ्यावर पांढरा, माहीत असेल त्यालाच दिसावा. खण हळूच लोटला आणि म्हणाली, "ताई, जेवून येते."

"ये. सावकाश ये," थोरली म्हणाली.

सावकाश! धाकटीनं अर्ध्या पोळीवरच जेवण आटोपलं.

परत आली तेव्हा दोरा नव्हता. बटर पेपरही उलटा ठेवलेला होता. थोरली प्रिंटरपाशी उभी राहून काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणतेय म्हणजे मनात काहीतरी आहे, धाकटीनं ठरवून टाकलं. खरं तर थोरली रोजच गुणगुणायची.

तिसऱ्या दिवशी ती जेवायला निघाली, जिन्याच्या चार पायऱ्या चढली, चपला हातात घेतल्या आणि तशीच खाली आली. दार पुरतं लागलेलं नव्हतं.

थोरलीनं तिचा एक कागद टेबलावर आडवा पसरला होता. चष्मा कपाळावर चढवला होता. हातात कापणीच्या टेबलावरचा राठ ब्रश, ज्यानं ती कापलेल्या कागदाचे काठ आणि कचरा ओढायची. त्या ब्रशनं ती कागद घासत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग वाकून तिनं मोठी फुंकर मारली.

"सापडलात!" धाकटी दार ढकलून म्हणाली.

थोरली दचकली, पण ब्रश सोडला नाही. "काय सापडले? चपला हातात घेऊन काय फिरतेस चोरासारखी?"

"चोरासारखी मी? माझे कागद कोण खराब करतंय?"

"खराब?" थोरलीचा आवाज चढला. "अगं, झाडतेय मी ते! तू झाडत नाहीस म्हणून!"

"मी झाडत नाही?"

"नुसता मोरपीस फिरवल्यासारखा ब्रश फिरवतेस. तेवढ्यानं काय निघणार? तुझं ते झाडणं बघूनच मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही कामात."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगून काय, आठवडाभर तुझं फुगलेलं तोंड बघायचं होतं? म्हटलं, गुपचूप करून टाकू. घरात शांतता राहील."

धाकटी काही बोलणार होती, पण तिची नजर त्या राठ ब्रशवर गेली. केसांत कापलेल्या कागदाचे बारीक कपटे अडकले होते. मग तिला कागदावरची पिठासारखी धूळ आठवली. आणि त्या धुळीवर आपण जोरानं मारलेला हातही आठवला.

"ताई," ती जरा हळू आवाजात म्हणाली, "तीन कागद छापून बघू. पूर्ण काळे."

"शाई फुकट जाईल."

"विहीरवाले गेले तर जास्त जाईल."

पहिला कागद कुणीच झाडला नाही. दुसरा धाकटीनं एकदा, उभा धरून, तिच्या पद्धतीनं झाडला. तिसरा इतके दिवस जसा होत होता तसा केला: आधी धाकटीनं झाडला, मग थोरलीनं आडवा टाकून घासला, मग धाकटीनं पुन्हा जोरात. तिन्ही छापले. शाई वाळेपर्यंत दोघी चहा पीत दोन टोकांना बसल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. दोघींची नजर कागदांवर होती, समोरची उठून काही करत नाही ना, यासाठी.

मग धाकटीनं एकेक कागद उभा धरला आणि थोरलीनं मागून टिचक्या मारल्या. पहिल्यातून चार-पाच कण पडले, तेवढे ठिपके उमटले. दुसऱ्यातून काहीच नाही. थोरलीनं आणखी एक टिचकी मारली, मग आणखी एक. काहीच नाही.

तिसऱ्याला पहिल्याच टिचकीला काळी भुकटी टेबलावर सांडली. कागदावर आकाश उगवलं.

थोरलीनं चष्मा डोळ्यांवर घेतला. तिरप्या उजेडात ओरखडे दिसत होते, एकावर एक, दोन दिशांचे. लेप सोलवटला होता.

"हे आडवे माझे," ती म्हणाली. तिनं बोट पुढं सरकवलं. "आणि हे उभे, खोल?"

"माझे."

"म्हणजे निम्म्या चांदण्या तुझ्या."

"निम्म्या तुमच्या."

"माझ्या थोड्या जास्त असतील," थोरली म्हणाली. "ब्रश माझाच राठ." मग तिनं तो ब्रश कापणीच्या टेबलाखाली खिळ्याला टांगला आणि बजावल्यासारखं बोलली, "उद्यापासून तूच झाडायचं. एकदाच. माझ्यासमोर."

"आणि मी जेवायला गेल्यावर?"

"मीही येईन जेवायला. खोलीला कुलूप."

"किल्ली कुणाकडे?"

थोरलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग तिला हसू फुटलं. "तुझ्याकडे ठेव, बाई."

विहिरी नव्या कागदांवर छापल्या. विहीरवाल्यांनी भिंग लावून एकेक तपासली, मागून टिचकीही मारून पाहिली. "अंधार आहे," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या विहिरी पण इथंच."

"कागदाचं काम हिच्याकडे असतं," थोरली म्हणाली. तेच वाक्य. या वेळी धाकटीनं मान खाली घातली नाही.

बहीण त्या दिवशी कशासाठी आली होती, ते मात्र तिनं विचारलं नाही. थोरलीनंही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवे कागद आले. धाकटीनं ते झाडले, खणात ठेवले, आणि का कोण जाणे, बटर पेपरवर पुन्हा पांढरा दोरा ठेवला. थोरलीला खोलीत ठेवून ती हात धुऊन आली, मग कुलूप लावून दोघी जेवायला गेल्या. परत आल्यावर तिनं कुलूप काढलं, खण उघडला. दोरा जागच्या जागी होता.

त्याच्या शेजारी एक काळा दोरा होता, तितकाच लांब, तितकाच सरळ.

तिनं मागं वळून बघितलं. थोरली कापणीच्या टेबलापाशी चष्म्याची काच पुसत होती. ती काच मघापासून स्वच्छच होती.

धाकटीनं दोन्ही दोरे तसेच राहू दिले आणि खण हळूच लोटला.