माझी दोरी कापली तेव्हा

मी एक जुनी तबकडी आहे. जेवायच्या ताटाएवढी, पत्र्याची, दोन पाव भाग काळे आणि दोन पांढरे. खाली वजन, मधल्या भोकातून दोरी, दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी. मला तळ्यात सोडायचं आणि मी दिसेनाशी झाले की गाठी मोजायच्या. पाणी नितळ असेल तर मी खोलवर दिसते, घाण असेल तर लगेच गडप होते. मित्रांनो, इतकं साधं काम शिकलेल्या माणसांनी किती अवघड करून ठेवलं ते ऐका. आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण मी रागातच आहे.

विद्यापीठाच्या पर्यावरण विभागात मला बाईंनी आणलं. पर्यावरणाचं विज्ञान बाकीचे शिकवत, बाई ते लोकांना कसं सांगायचं ते शिकवत. त्यांचा वर्ग तळ्याच्या काठावर भरे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही थांबवायचं आणि पाण्याविषयी सांगायचं. ऐकणारा "बरं बरं" म्हणून निघून गेला की विद्यार्थी नापास. "मग आम्ही काय करायचं?" असं त्याने विचारलं की पास. नापास झालेला तोंड पाडून आला की बाई म्हणत, "त्याला कशाला नावं ठेवतोस? दोरी त्याच्या हातात दे की." मग पोस्टमन, आजोबा, शाळेतली पोरं, सगळ्यांनी मला पाण्यात सोडलं आणि वाकून वाकून पाहिलं. मला तेव्हा माझा मोठा अभिमान वाटे.

बाई निवृत्त झाल्या आणि सादरीकरणवाले सर आले. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणणार नाही. वर्ग काठावरून उठून सभागृहात गेला. पडद्यासमोर कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे, कुठल्या वाक्याला हसायचं, हे मुलं शिकू लागली. मी कपाटामागे धूळ खात पडले. एकदा सरांना मंचावर शोभेला काहीतरी हवं होतं, तेव्हा माझी आठवण झाली. मला घासलं, चकचकीत रंग दिला. दोरी मळकट दिसते म्हणून कात्रीने कापली आणि निळी फीत बांधून मला मंचामागच्या भिंतीवर टांगलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला ना तळपाय ना मस्तक, तरी ती गेली.

त्याच उन्हाळ्यात तळ्यावर हिरवा तवंग आला. मुलांनी नमुने तपासले. असल्या पाण्यात पोहलं तर पोरं आजारी पडतात, हे विभागात सगळ्यांना कळलं होतं. सरांनी सादरीकरणाची स्पर्धा ठेवली आणि काठावरच्या वस्तीला सभागृहात ऐकायला बोलावलं. पुढच्या रांगेत परीक्षक बसले, वस्तीतली माणसं पार मागे. बोलायला उभा राहिला तो सरांचा लाडका. त्याचे मित्र त्याला घोकंपट्टी म्हणत. "जलाशयाची पारदर्शकता अपेक्षित पातळीपेक्षा खालावल्याचे आढळते," तो परीक्षकांकडे बघून म्हणाला.

मागून एक शिवणकाम करणारी बाई उठली. "बाळा, मला एवढंच सांग. माझी पोर रोज पोहायला जाते. जाऊ देऊ का नको?"

घोकंपट्टीने सरांकडे पाहिलं. लोकांना घाबरवायचं नाही, नकाराने बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. तो म्हणाला, "निष्कर्ष प्राथमिक आहेत. पण आपण सगळे मिळून जागरूक राहू या." आणि शिकवल्याप्रमाणे हसला.

"बरं बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या. त्याला पहिला क्रमांक मिळाला. मी वर भिंतीवर फितीला लटकून हे बघत होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ती पोर दवाखान्यात पडली. उलट्या थांबेनात, अंगभर पुरळ. तिची आई सभागृहात आली तेव्हा घोकंपट्टी एकटाच खुर्च्या लावत होता. ती भांडली नाही.

"त्या दिवशी तुला माहीत होतं का रे?"

"होतं, काकू."

"मग सांगितलं का नाहीस? मी सरळच विचारलं होतं ना?"

याचं उत्तर घोकलेल्यात नव्हतंच.

पोर बरी होऊन घरी आली, त्या दिवशी त्याने मला भिंतीवरून काढलं. फीत फाडली, कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तळ्यावर नेलं. पोर पायरीवर बसली होती. पलीकडे बाकीची पोरं पाण्यात उतरायला सदरे काढत होती. त्याने दोरी तिच्या हातात दिली. मी वीतभर खाली गेले असेन नसेन.

"गेली," ती म्हणाली.

"म्हणून सांगतो, यात उतरू नका," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

पोरांनी सदरे परत घातले. त्यांच्यातला एक म्हणाला, "मग आम्ही काय करायचं? पोहायचं कुठे?"

बाईंच्या परीक्षेत घोकंपट्टी पास झाला. पण त्या परीक्षेसाठी दवाखान्यात कोण पडलं होतं, हे मी विसरणार नाही, आणि त्यालाही विसरू देणार नाही.

मित्रांनो, मला रंग नको, भिंत नको, टाळ्या तर मुळीच नकोत. तुम्ही उद्या खूप शिकाल. तेव्हा कुणी आई उठून "जाऊ देऊ का नको?" असं विचारेल, तर पुढच्या रांगेकडे बघू नका. तिच्याकडे बघा आणि सांगा. आणि माझी दोरी पुन्हा कापू नका.