स्वयंपाकघरातला दांडा

आमच्या गावचा तुरुंग पुढून घरासारखा दिसतो, कारण पुढे घरच होतं. अमेरिकेतल्या मिझुरीत तेव्हा रीतच होती, शेरीफचं कुटुंब पुढे राहायचं, कैदी मागे, आणि दोन्हीकडचा स्वयंपाक शेरीफच्या बायकोने करायचा. माझे वडील ऑटो ब्रिंकमायर शेरीफ होते. आता तिथे संग्रहालय आहे.

काल तिथली माहिती सांगणारी बाई आमच्या जुन्या स्वयंपाकघरात भिंतीतला लोखंडी दांडा दाखवत होती. "हा ओढला की पलीकडे फाशीची फळी पडायची. ओढणाऱ्याला माणूस दिसू नये म्हणून मध्ये भिंत. शेरीफने इथूनच हार्लन टीगला फाशी दिली."

"कसली देतोय तो!" मी म्हणाले. "माझा बाप अंगणात ओकत बसला होता."

"मग कोणी ओढला, आजी?"

"आईने. मी इथेच बटाटे सोलत होते. गळ्यात दोर घालून पोरगा उभा, आणि त्याचं रडणं भिंतीतून ऐकू येत होतं. 'अजून किती वेळ त्याला असं ताटकळत ठेवायचं?' म्हणाली, पिठाचे हात पुसले आणि ओढला."

"बाई गं! आणि त्यांना काहीच वाटलं नाही?"

मला तिचा राग आला. रोज त्या भिंतीतल्या झरोक्यातून हार्लनला जेवण देणारी आईच. फाशीनंतर त्या दुपारीही तिने सवयीने त्याचं ताट वाढलं, झरोक्यातून आत सरकवलं, आणि तो घेईल म्हणून तिथेच उभी राहिली.