तिळगुळाची माफी

डब्याच्या झाकणाला आतून एक तीळ चिकटलेला. डबा घासलेला, पुसलेला, उन्हात वाळवलेला असावा असा कोरडा ठणठणीत, आणि तरी कडेच्या खाचेत हा एक तीळ... माईंनी तो नखाने काढला, बोटावर धरला, उजेडात पाहिला. बाकी डबा रिकामा. रिकामा डबा परत करायची रीत कुठल्या घरात असते? चिमूटभर साखर घालावी, अगदीच घरात काही नसलं तर एक लवंग टाकावी, पण रिकामं भांडं पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आणि पाठवलं कोणाच्या हाती, तर त्या मृणालच्याच. काल भर वर्गात ती इराच्या बाकापाशी आली, मनगटाला पट्टी, गळ्यात झोळी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात – हळू आवाज सगळ्यांना ऐकवायची कला असते, येरागबाळ्याचं काम नाही ते – म्हणाली, "तुझ्या आजीला दे. माफी पोचली म्हणावं. मी केलं माफ."

माफी! माईंनी झाकण इतक्या जोरात बसवलं की ते वाकडं बसलं. तिळगूळ होता तो. माझ्या हातचा. पाक जरा कडक झाला होता, पण तिळगूळच होता.

नात इरा बारावीला. एकुलती. मुलगा श्रीकांत आणि सून अमृता, दोघंही सकाळच्या बसने इंदूरला नोकरीला जातात, दिवेलागणीला परत येतात, म्हणजे मधला सगळा दिवस आणि त्या दिवसातले सगळे निर्णय माईंचे. आज दुपारी शाळेत बोलावलं होतं. श्रीकांत सकाळी बूट घालताना म्हणाला होता, "मी सुट्टी टाकू का?" आणि माईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. मी आहे ना. शिंद्यांच्या दरबारात ज्या घरातल्यांनी सरदारांचे तंटे मिटवले, त्या घरात मी आले, चौथीपर्यंत शिकले, पण माणूस मला वाचता येतो. शाळेतल्या बाईशी चार शब्द बोलायला मला बँकेत नोकरी करणारा मुलगा कशाला हवा?

आणि तंटा तरी काय, पोरीसोरींचा. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ती मृणाल शाळेच्या जिन्यावरून पडली. पडली, की बसली, की घसरली... पाहिलं कोणीच नाही. वर होती फक्त इरा. खाली लोक जमले तेव्हा मृणालने डोळे उघडले आणि पहिला शब्द काढला तो – "इराने ढकललं." मुख्य नाच मृणालला मिळाला होता, इराला मागच्या रांगेत उभं केलं होतं, मग काय, सगळ्या शाळेला कारणही आयतं सापडलं. ही तीच पोरगी जी प्रार्थनेत चक्कर येऊन पडायची, पण पडायची ती नेहमी सतरंजीवर. हिनेच वर्गात सांगितलं होतं की बाबांना हार्ट अटॅक आलाय, सगळा वर्ग रडला, आणि दुसऱ्या दिवशी ते बाबा फ्रीगंजच्या बाजारात उभे राहून कचोरी खाताना दिसले. हे सगळं इरानेच हसून हसून सांगितलं होतं. दोघी एका बाकावर बसायच्या तेव्हा. मग इरा उठून दुसऱ्या बाकावर बसायला लागली. का, ते इराने सांगितलं नाही, आणि माईंनीही...

असो. साडी नेसायला हवी. महेश्वरी काढली. मग ठेवली आणि साधी काढली. मग पुन्हा महेश्वरीच.

संक्रांतीलाही हीच नेसल्या होत्या. डबा भरला, इराला म्हणाल्या, चल. "कुठे?" "मृणालकडे. सणाला भांडण मिटवायचं असतं. लहानाने आधी जायचं, तिळगूळ द्यायचा, मोठ्यांच्या पाया पडायचं, की संपलं." इरा दारात उभी राहिली, चप्पल घातलेली, पण पुढे पाऊल टाकेना. माईंनी मनगट धरून ओढली तिला. असंच करत आलो आपण. तुझ्या आजोबांचा भाऊ जमिनीच्या वादावरून बोलेनासा झाला होता, एका तिळगुळाने ओसरीवर येऊन बसला. पण ते ओसरीवाले लोक वेगळे होते. ऋषीनगरच्या त्या फ्लॅटमध्ये मृणालची आई तेजस्विनी – बँकेच्या बदलीवर नाशिककडून आलेली माणसं – दार उघडताच म्हणाली, "अय्या, किती गोड! थांबा हं, एक फोटो." इरा तिच्या पाया पडायला वाकली आणि तेवढ्यात ती मृणाल कुठून तरी आली, पट्टीचा हात पुढे करून आईच्या अगदी शेजारी उभी राहिली. फोटोत इरा वाकलेली दिसते. कोणाच्या पायाशी, ते काही कळत नाही.

तोच फोटो आता मुख्याध्यापिका मॅडमच्या टेबलावर, फोनमध्ये, माईंच्या समोर सरकवलेला.

"माताजी, देखिए," मॅडम म्हणाल्या, "मुझे बात बढ़ानी नहीं है। इरा कल प्रार्थना में सबके सामने माफ़ी माँग ले, बात ख़तम। नहीं तो मुझे टीसी देकर स्कूल से निकालना पड़ेगा। बोर्ड की परीक्षा सिर पर है, आप सोच लीजिए।"

"माफ़ी किस बात की? मेरी पोती ने कुछ किया ही नहीं।"

"तो फिर आप उनके घर क्यों गई थीं?"

कितीतरी उत्तरं होती. त्यांना मी संक्रांत समजावून सांगू? लहानाने आधी जायचं असतं, ज्याची चूक नाही त्यानेच आधी जायचं असतं, त्यातच मोठेपणा... पण ते हिंदीत सांगायला गेलं की वाक्य अर्ध्यातच लंगडं पडायचं, आणि मराठीत सांगायचं तर समोर तेजस्विनी बसलेली, मान कलती करून, देवळात कीर्तन ऐकावं तशी.

"काकू, आम्ही तर विसरलोच होतो हो," ती म्हणाली. "तुम्हीच आलात. तिला पाया पडायला लावलंत. केवढं मोठं मन तुमचं! आजकाल कोण कबूल करतं?"

"आमच्याकडे घरी आलेल्याला चहा विचारतात बाई," माई म्हणाल्या. "तुमच्याकडे फोटो काढतात, हे माहीत नव्हतं."

"काकू, चहा टाकला होता मी. तुम्हीच थांबला नाहीत."

खरं होतं. थांबले नाही. का थांबले नाही?

आणि मग आईशेजारी बसलेली ती मृणाल रडली. आधी तिने पाहिलं, मॅडमकडे एकदा, दारातून डोकावणाऱ्या बाईंकडे एकदा, आणि मग डोळे भरले. इतकं सफाईदार की माईंना आत कुठेतरी दाद द्यावीशी वाटली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. श्रीकांतच्या लग्नाच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून अन्नपाणी सोडून पडले होते, आणि कान मात्र दाराकडे – कोण आलं, कोण थांबलं, कोण नुसतंच पुढे गेलं. या मुलीचा कान तसा आहे. हिला दुखत नाहीये. हिला कोणी निघून गेलेलं चालत नाही.

इतकं सगळं दिसत होतं. मग बोलायचं ना. बोल ना विनोदिनी, आयुष्यभर जीभ चालवलीस! पण पुरावा काय? सतरंजी? कचोरी? माईंनी इराकडे पाहिलं, बोल की गं, तुझ्या तोंडून एकदा तरी निघू दे. इरा खिडकीबाहेर पाहत होती. ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी पुढे. ही हनुवटी आमच्या घरची. रागाची. मागच्या वर्षी आईशी भांडून हिने दार आपटलं होतं आणि अमृताचं बोट अडकलं होतं. मुद्दाम नव्हे, पण दार तर आपटलंच होतं... रागाच्या भरात हात पुढे जातो, मग माणसाला आठवतही नाही की...

माईंनी तो विचार तिथेच धरला. पण तो काही आज आलेला नव्हता, ओळखीचा होता.

"कल प्रार्थना से पहले बता दीजिए," मॅडम म्हणाल्या.

ऑटो देवास गेटपाशी अडकला. पुढे बसेस, मागे बसेस, महाकालला आलेल्या लोकांच्या गाड्या, हार-फुलंवाले मधूनच वाट काढणारे. ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. "माताजी, अब तो बैठे रहो। न आगे जा सकते, न पीछे।"

"सब को आज ही दर्शन करना है क्या!" माई म्हणाल्या. त्यावर तो हसला. इरा हसली नाही.

"तू एक शब्द बोलली नाहीस आत," माई म्हणाल्या. "मी एकटी लढले."

"तू भांडलीस, माई. लढली नाहीस."

"म्हणजे?"

आगरला जाणाऱ्या एका बसचा कंडक्टर दाराला लटकून आगर, आगर, आगर ओरडत होता. इरा म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी, "तू मला एकदा पण विचारलं नाहीस."

"काय विचारायचं?"

"की मी ढकललं का."

"अगं, त्यात विचारायचं काय? तू आमची मुलगी. मला माहीत नाही का तू कशी आहेस?"

"मग तिळगूळ घेऊन का गेलीस?"

सणाला भांडण मिटवायचं असतं, लहानाने आधी... वाक्य तोंडात तयार होतं, सकाळपासून तयार होतं, शाळेत नाही निघालं ते आता तरी निघायला हवं होतं. कंडक्टर ओरडतच होता. ऑटोच्या आत पेट्रोलचा वास, आणि इराचा दंड माईंच्या दंडाला चिकटलेला, गरम. सरकायला जागा नव्हती दोघींनाही.

"बाबांनी विचारलं," इरा म्हणाली. "आईने तर ओरडूनच विचारलं. मला राग आला, पण विचारलं तरी. तू नुसती पाक करायला बसलीस."

"मला वाटलं, वाढवण्यापेक्षा..."

"हां. झाकून टाकू. आपलंच नाणं खोटं, तर बोंबलायचं कशाला."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस."

पुढची बस हलली. ऑटोवाल्याने इंजिन चालू केलं आणि सगळं थरथरायला लागलं, इराचा दंड, माईंचा दंड, कुठला कोणाचा कळेनासं झालं. पुलावर चढता चढता इरा म्हणाली, "मी उद्या मागते माफी. चालेल. शाळेला वाटतंय, तिच्या आईला वाटतंय, घरात पण वाटतंय. मी एकटीच किती दिवस नाही म्हणू? परीक्षा तर देता येईल."

संध्याकाळ झाली. इरा खोलीत गेली ती बाहेर आली नाही. माईंनी चहा केला, नेला, दारापाशी उभ्या राहिल्या आणि परत आणला. मग स्वतःच प्यायल्या. मग कणीक भिजवली. इंदूरची बस अजून यायची होती. श्रीकांत येईल, विचारेल, काय झालं, आणि मी सांगेन... काय सांगेन? की उद्या तुझी मुलगी साऱ्या शाळेपुढे हात जोडून उभी राहील, न केलेल्या... न केलेल्या? बघ. मनातसुद्धा ते वाक्य पुरं होत नाही, मध्येच पाय अडखळतो.

तर विचारावं. आत्ता, बस यायच्या आत. दार ढकलावं आणि सरळ विचारावं, इरा, खरं सांग. किती सोपं होतं हे त्या दिवशी, जिन्यावरून पडल्याच्या संध्याकाळी. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, काहीतरी सांगायला आल्यासारखी, आणि मी म्हटलं, जा हातपाय धू. आता विचारलं तर त्या विचारण्यातच सगळं आलं. आणि नाही विचारलं तरी आलंच. कुठूनही निघालं तरी तिथेच पोचतं, देवास गेटच्या त्या ऑटोसारखं... नाही, ऑटो निदान सुटला.

माई दारापाशी आल्या. हाताला कणीक तशीच. आतून काही आवाज नाही, रडण्याचा तर नाहीच. आमच्या घरच्या मुली कोणी बघत नसताना रडत नाहीत, बघत असतानाही नाही. आणि इथेच आपण मार खातो. बोटं दारावर टेकली, ढकललं नाही. होय म्हणाली तर? म्हणू दे. होय म्हणाली तर पोटाशी धरीन, सांभाळून घेईन, चुकलेलं सांभाळायला मला येतं, जन्मभर तेच केलं. दार ढकलवत नव्हतं ते त्या भीतीने नव्हे. हे माईंना आत्ता, दारावरच्या कणकेच्या बोटांकडे पाहता पाहता समजत होतं, आणि समजू नये असं फार वाटत होतं...

नाही म्हणाली तर.